हरवलेल्याला शोधायला कोणी जावे?



एखादा माणूस आपल्या हौसेपायी संकटात सापडला, तर त्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालावा काय? सह्याद्रीत ट्रेकला गेलेली मुले वाट चुकतात आणि गावकरी व गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक रात्री दोर आणि बॅटऱ्या घेऊन त्यांना शोधायला निघतात, तेव्हा खाली कोणीतरी म्हणतोच, "कोणी सांगितलं होतं मरायला जायला?" हा उद्गार रागाचा असला, तरी त्यामागे एक खरा नैतिक प्रश्न आहे. आज आपण त्याचा विचार एका दूरच्या डोंगराच्या साहाय्याने करू या.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टन नावाचे शिखर आहे. उंची अवघी १९१७ मीटर. हिमालयाच्या तुलनेत ही टेकडीच म्हणायची. पण तेथील हिवाळा भल्याभल्यांना नमवतो. १२ एप्रिल १९३४ रोजी या माथ्यावर ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर चक्रीवादळात याहून वेगवान वारा नोंदला जाईपर्यंत तो जागतिक विक्रम होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये येथील तापमान उणे ४४ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. १८४९ पासून या डोंगररांगेने दीडशेहून अधिक माणसांचे बळी घेतले आहेत.

तरीही दर हिवाळ्यात माणसे हा डोंगर चढतात. बुटांखाली लोखंडी दात्यांचे क्रॅम्पॉन, हातात बर्फाची कुऱ्हाड, पाठीवर सुके कपडे. साधारण १४०० मीटरच्या आसपास झाडी संपते आणि वाऱ्याला आडोसा उरत नाही. घामाने भिजलेला सदरासुद्धा तेथे घातक ठरतो, कारण वारा ओल्या अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. म्हणून जाणकार चढणारा निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवतो. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असले तरी तो मागे वळतो. हौस आणि हट्ट यांतला फरक त्या एका वळण्यात दिसतो. धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधोमध असते, असे अॅरिस्टॉटलने शिकवले. सेमिनरीत आम्ही हे वाक्य पाठ केले होते. या डोंगरावर त्याचा अर्थ घड्याळात पाहून कळतो.

माथ्यावर मात्र काही माणसे बारा महिने राहतात. १९३२ पासून तेथे हवामान वेधशाळा आहे. निरीक्षकांच्या तुकड्या आठवड्याआठवड्याने बदलतात. हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीतून त्यांची ने-आण होते. सोबतीला एक मांजर असते. स्वयंपाकासाठी खालून स्वयंसेवक येतात. दिवस असो वा रात्र, दर तासाला एक जण बाहेर पडतो, तापमान मोजतो आणि यंत्रांवर साचलेला बर्फ पहारीने फोडतो. पहाटे तीनची नोंद घेताना त्याला पाहणारे कोणी नसते. चुकवली तर कोणाला लगेच कळणारही नाही. पण अशाच नोंदींच्या आधारे उंच शिखरांसाठी हवामानाचा अंदाज तयार होतो, आणि तो वाचून कोणी अनोळखी माणूस त्या दिवशी घरीच थांबतो. तो माणूस वाचला हे निरीक्षकाला कधीच कळत नाही. दुसऱ्याला वाचवण्याचे बरेचसे काम असे, आधीच आणि निनावी होत असते.

पण इशारा असूनही माणूस हरवतो. मग काय?

जानेवारी १९८२ मध्ये ह्यू हेर आणि जेफ बॅट्झर हे दोन तरुण याच डोंगरावर बर्फाची भिंत चढून गेले. हेर सतरा वर्षांचा होता. वर पोहोचल्यावर हिमवादळाने त्यांना गाठले, वाट चुकली आणि ते भलत्याच दरीत उतरले. त्यांचा शोध सुरू झाला. शोध घेणाऱ्यांत अल्बर्ट डाऊ हा अठ्ठावीस वर्षांचा स्वयंसेवक होता. बर्फाचा कडा कोसळला आणि तो त्याखाली गेला. ती दोन मुले तीन रात्री थंडीत काढून जिवंत सापडली, तीही शोधपथकाला नव्हे, तर त्या दरीत फिरायला आलेल्या एका स्त्रीला. हेरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे तो कृत्रिम पाय बनवणारा जगप्रसिद्ध संशोधक झाला.

अशी गोष्ट ऐकली की आपण चटकन म्हणतो, "बघा, डाऊचे बलिदान वाया गेले नाही." आम्हांला हे सांत्वन अपुरे वाटते. हेर पुढे सामान्य कारकून झाला असता, तर डाऊचे जाणे चुकीचे ठरले असते का? नाही. डाऊ एका भावी शास्त्रज्ञाला शोधायला गेला नव्हता. थंडीत दोन माणसे आहेत, एवढेच त्याला ठाऊक होते. चांगल्या कृतीचे मोल तिच्या फळावरून ठरवू लागलो, तर कोणाला वाचवायचे याचीही आपण किंमत लावू लागू.

मग चुकीचा हिशेब करायचाच नाही का? करायचा, पण योग्य वेळी. निष्काळजीपणे वागून संकटात सापडणाऱ्याकडून शोधाचा खर्च वसूल करता येईल, असा कायदा न्यू हॅम्पशायरमध्ये आहे. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे: शोध आधी, बिल नंतर. दोष आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष असला म्हणून गरज खोटी ठरत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. स्वतःचा जीव द्या, असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. हिमकडा कोसळण्याचा धोका पाहून शोधपथक मागे फिरले, तर ते भित्रे ठरत नाही. असे दान मिळाले तर घ्यावे, हक्काने मागू नये. म्हणून डोंगरावर जाणाऱ्याचेही कर्तव्य आहे: तयारीने जाणे, घरी सांगून जाणे, वेळेवर परतणे. "काही झाले तर येतीलच शोधायला" असे म्हणून निघणारा दुसऱ्याचा जीव गृहीत धरतो.

आल्प्स पर्वतात २४६९ मीटर उंचीच्या खिंडीत मेंथॉनचे संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात धर्मशाळा उभारली. तेथील संन्यस्त बंधूंनी शतकानुशतके आपले कुत्रे घेऊन बर्फात हरवलेल्यांना शोधले. वाटसरू व्यापारी आहे, यात्रेकरू आहे की चोरटा, हे विचारायला नंतर वेळ असे. पोप पायस अकरावे स्वतः गिर्यारोहक होते. त्यांनी १९२३ साली या संताला गिर्यारोहकांचा आश्रयदाता घोषित केले. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. ते मेंढरू कोणाच्या चुकीने हरवले, याची चौकशी त्या दाखल्यात कुठेच नाही.

आपल्या धर्मग्रामात बर्फ पडत नाही. पण दारूने खचलेला शेजारी, सट्ट्यात बुडालेला भाऊ, घरच्यांचे न ऐकता गेलेली आणि आता परतायला लाजणारी मुलगी आपल्याकडेही आहे. "आपल्या कर्माची फळे भोगतोय," हे वाक्य त्यांच्याविषयी आपल्या तोंडी फार लवकर येते. ते खरेही असेल. त्यावर बोलायला पुढे दिवस आहेत. या आठवड्यात आधी त्यांचे दार तरी वाजवू या.