एका खड्याचं ओझं

परदेशाहून परतलेल्या मराठी माणसाची बॅग उघडावी आणि मग खुशाल मनुष्यस्वभावावर व्याख्यान द्यावं. वर मळके कपडे, त्याखाली हॉटेलातल्या साबणाच्या चिमुकल्या वड्या, विमानात मिळालेल्या साखरेच्या पुड्या, डब्यात उरलेला चकलीचा चुरा आणि अगदी तळाशी, पायमोज्यात गुंडाळलेला एक दगड. साबण का आणला हे विचारायचं नसतं. तो खोलीच्या भाड्यात बसतो. साखर तिकिटात बसते. पण दगड कशात बसतो? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

तो ऐरणीवर आला तो सिदे नावाच्या गावात. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंतल्या शहराच्या पूर्वेला हे गाव आहे. भूमध्य समुद्रात जिभेसारखा शिरलेला जमिनीचा एक तुकडा, दोन्ही अंगांना वाळूचे लांबलचक किनारे आणि मधे दोन हजार वर्षांची पडझड. तिथल्या जुन्या, आता मेलेल्या भाषेत 'सिदे' म्हणजे डाळिंब. नाव कुणी ठेवलं असेल त्याला दूरदृष्टी होती. कारण गावात कुठेही नख लावा, जुन्या काळाचा एक दाणा बाहेर पडतो. खांद्यावर टॉवेल टाकलेली मंडळी रोमन खांबांच्या रांगेतून समुद्रावर आंघोळीला निघालेली असतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जवळच अस्पेंदोसचं थिएटर आहे, पेर्गेचं उद्ध्वस्त शहर आहे, मानवगातचा धबधबा आहे. सकाळी निघावं, संध्याकाळी पाय चोळत परत यावं.

गावाच्या टोकाला, अगदी पाण्याशी, अपोलोचं देऊळ आहे. दुसऱ्या शतकातलं. देऊळ म्हणजे आता पाच खांब. तेही पडले होते, विसाव्या शतकात संशोधकांनी पुन्हा उभे केले. सूर्य मावळताना अख्खं गाव तिथे लोटतं. सगळे समुद्राकडे बघत असताना आमचे दाजी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. मला नवल वाटलं, कारण त्यांच्या पायात चपला होत्या.

"दाजी, काय घेतलंत?"

"काही नाही रे. खडा आहे."

"देवळाचा?"

"देवळाचा कसला? देवळाजवळचा."

दाजी बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लाखो रुपये मोजले, पण दुसऱ्याच्या पाच पैशांना हात लावला नाही. असा माणूस सुपारीएवढा संगमरवरी तुकडा मुठीत धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चोराचा भाव नव्हता, भक्ताचा होता. इथेच सगळी गोची आहे. चोराला अडवणं सोपं असतं.

"आपण नर्मदेतला गोटा आणून देव्हाऱ्यात ठेवतो," दाजी म्हणाले, "तेव्हा कुणी पावती मागतं?"

मुद्दा बिनतोड वाटला खरा, पण हॉटेलापर्यंत चालताना त्याला तडा गेला. नर्मदेचा कारखाना अजून चालू आहे. एक गोटा नेला तर नदी दुसरा घडवते. रोमन कारखान्याला टाळं लागून दीड हजार वर्षं झाली. तिथला माल संपला की संपला. शिवाय तुर्कस्तानच्या 1983 सालच्या कायद्याने अशी पुरावस्तू सरकारच्या मालकीची आहे.

"मग इथल्या लोकांनी काय केलं?" दाजींनी दुसरा अर्ज दाखल केला. तेही खरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्रीट बेट सोडून आलेली मुसलमान कुटुंबं या ओसाड अवशेषांत येऊन राहिली. हाताशी जे दगड आले त्यांनी त्यांनी घरं बांधली. आजचं सिदे त्यांच्यामुळेच उभं आहे. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याने रोमन सम्राटाची भिंत वापरली तर सम्राटाचं काही जात नाही, आणि पोराबाळांचा पाऊस वाचतो. पण दाजींचा कोथरूडचा फ्लॅट काही सुपारीएवढ्या खड्यावाचून अडलेला नव्हता. एकाच दगडाला गरजेने उचललं तर घर होतं आणि हौसेने उचललं तर शोकेसचा माल होतो.

तेव्हा दाजींनी शेवटचं अस्त्र काढलं. "अरे, एवढ्याशा खड्याने काय होणार आहे?"

जगातली निम्मी पापं या एका वाक्याच्या आधाराने उभी आहेत, आणि गंमत म्हणजे या वाक्याचा अभ्यासही याच देशाच्या किनाऱ्यावर झालेला आहे. पश्चिमेला मिलेटस नावाचं प्राचीन शहर आहे. तिथला युबुलिडीज हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला तत्त्वज्ञ. त्याच्या नावावर एक कोडं सांगतात. वाळूचा ढीग आहे. एक कण काढला, तर ढीग राहतो ना? राहतो. आणखी एक? तरी राहतो. एका कणाने ढिगाचा ढीगपणा जात नाही, हे कबूल; मग असं करत करत शेवटी एकच कण उरला तरी त्याला ढीगच म्हणायचं का? आणि नाही म्हणायचं, तर तो नेमका कुठल्या कणाला मोडला?

पंडित अजून भांडताहेत. पण मिलेटसला याचं उत्तर प्रात्यक्षिकासह मिळालं, तेही उलट्या बाजूने. हे शहर एकेकाळी मोठं बंदर होतं. शेजारची मेआंडर नदी येताना थोडाथोडा गाळ आणायची. एका कणाने काय होणार? शतकानुशतकं ती आणत राहिली, खाडी भरली, बंदर मेलं, आणि आज त्या बंदरापासून समुद्र कित्येक किलोमीटर लांब आहे. कुठल्या कणाने शहर बुडवलं ते कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक कण निर्दोष सुटला. शहराला मात्र फाशी झाली.

इटलीतल्या सार्डिनिया बेटाने हा हिशेब वेळीच ओळखला. तिथे 2017 च्या कायद्याप्रमाणे किनाऱ्यावरची वाळू नेली तर पाचशे ते तीन हजार युरो दंड आहे. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत चाळीस किलो वाळू सापडली, प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलेली. आठवण म्हणून नेत होतो, म्हणाले. चाळीस किलोची आठवण! आमच्या श्रावणातल्या खुलभर दुधाच्या कहाणीत म्हातारीच्या खुलभर दुधाने महादेवाचा गाभारा भरतो. जे एवढ्याशाने भरतं ते एवढ्याशानेच रितंही होतं, एवढंच त्या कहाणीला जोडून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी पेर्गेला गेलो. तिथे 1980 साली उत्खननात हेराक्लीजच्या पुतळ्याचा खालचा अर्धा भाग सापडला. वरचा अर्धा त्याच सुमाराला विक्रीला आला, आणि 1981 पासून बोस्टनच्या संग्रहालयात होता. 1992 मध्ये दोन्ही भागांचे साचे जुळवून पाहिले, तंतोतंत जुळले. तरी धड घरी यायला 2011 साल उजाडलं. 'दमलेला हेराक्लीज' असं त्या पुतळ्याला म्हणतात. तीस वर्षं पाय एका खंडात आणि डोकं दुसऱ्या खंडात, दमेल नाही तर काय!

हे सगळं मी दाजींना ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझं सगळं पटलं रे. पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. इथे पुन्हा थोडाच येणार आहे? काहीतरी हातात नको?"

युबुलिडीज, सार्डिनिया, तुर्कस्तानचा कायदा, सगळे एकदम मुके झाले. कारण प्रश्न दगडाचा नव्हताच. मुठीत खडा धरून दाजी स्वतःलाच धरून ठेवत होते.

उत्तर दिलं ते ताईने. "अहो, तुम्ही नेलात तर आपल्यामागे बंटी तो कुंडीत टाकणार. त्याला काय कळणार हा कुठला ते?"

संध्याकाळी दाजी एकटेच देवळाकडे गेले. खडा ठेवून आले, आणि वर म्हणाले, "नेमकी जागा आठवली नाही. दोन पावलं इकडेतिकडे झाली असतील. आता पुढच्या संशोधकांनी घोळ घालावा."

ताईचं म्हणणं मला तत्त्वज्ञांच्या वर वाटतं. सिदेच्या उन्हात तो खडा एक साक्षीदार आहे. कुणाचं देऊळ, कुठली खाण, कुठला भूकंप, हे तो शेजारच्या दगडांच्या मदतीने सांगू शकतो. शोकेसमध्ये तो मुका. त्याच्या वतीने बोलणारं एकच माणूस असतं, आणि ते माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचं असतं. आठवण आपल्याबरोबर जाते, दगड मागे राहतो. आणि मागे राहायचंच असेल, तर त्याने आपल्या गावात राहिलेलं बरं.