शेवाळ आणि पंचसूना

गृहस्थाश्रमात राहून हिंसेपासून सर्वथा अलिप्त राहता येत नाही, हे आपल्या धर्मशास्त्रकारांनी प्रांजळपणे मान्य केले आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने, म्हणजे पंचसूना होत, असे मनुस्मृती सांगते आणि त्या दोषाच्या परिहारार्थ पंचमहायज्ञांचा नित्यविधी घालून देते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडात आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींची घरे रायपूरच्या तात्यापाऱ्यात अद्याप आहेत; त्यांपैकी एका घरी मुलांच्या हौसेखातर आणलेली माशांची काचपेटी पाहताना, आपण त्या पाचव्या वधस्थानासमोरच उभे आहोत, असे मला वाटले.

पेटी पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेली होती. उन्हाकडच्या काचेवर हिरवा, मखमली थर चढला होता, पाणी मुगाच्या कढणासारखे दिसत होते आणि घरचे गृहस्थ जुन्या फडक्याने काच घासत होते. तेवढ्यात शेजारच्या जैन सद्गृहस्थांनी विचारले, ‘‘यात जीवहत्या नाही का?’’ प्रश्न थट्टेचा नव्हता. जैन आचार्यांनी शेवाळाची गणना अनंतकाय वनस्पतींत केली आहे, म्हणजे त्याच्या एका शरीरात अनंत जीव नांदतात असे मानले आहे.

माशाचा जीव वरच्या श्रेणीचा, म्हणून त्याच्यासाठी शेवाळ मारणे क्षम्य, हे उत्तर चटकन सुचते. मला ते पटत नाही, कारण शेवाळ हे माशाचे वैरी नव्हेच. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडते आणि माशांच्या मलातून उत्पन्न झालेले नायट्रेट शोषून घेते. पृथ्वीवरील प्राणवायूच्या निर्मितीपैकी सुमारे अर्धा वाटा समुद्रातील अशाच सूक्ष्म जीवांचा आहे. मर्यादेबाहेर माजले की मात्र रात्री तेच प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

मग ते माजले कोणाच्या हुकमाने? मासे दोन-तीन मिनिटांत जेवढे खातील त्याहून अधिक टाकलेले खाद्य तळाशी कुजते, त्याचा अमोनिया होतो, जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्यात फॉस्फेटची व खिडकीतल्या उन्हाची भर पडली की शेवाळाचे संगोपन पूर्ण होते. पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात प्राणिमात्रांना द्यावयाचा बली मोजका असतो. आपण मात्र दिवसातून चार वेळा चिमटी सोडतो आणि तिला दया म्हणतो. रायपूरच्या बुढातलावासारख्या विस्तीर्ण जलाशयात असा अतिरेक बराच काळ पचून जातो, चाळीस लिटरच्या पेटीत तो पचवणारे कोणी नसते. मासे आपल्या पायांनी घरी आलेले नाहीत. त्यांचा उजेड, अन्न, पाणी या सर्वांचा अखत्यार आपण स्वतःकडे घेतला आहे, म्हणून हिंसेचा आरंभ फडक्यापाशी होत नाही, खाद्याच्या डबीपाशी होतो.

औषधाने शेवाळ मारणे मला तर अधिकच सदोष वाटते. तांबेयुक्त औषधाने गोगलगायी आणि कोळंबी दगावतात, आणि एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन माशांवरही संकट आणते. त्यापेक्षा पेटी खिडकीपासून हलवावी, दिवा सहा-आठ तासांवर जळू देऊ नये, खाद्य निम्मे करावे, आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलावे आणि नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून, शक्यतो क्लोरीन काढणारे द्रावण घालूनच, पेटीत ओतावे. समोरची काच पुसावी. मागची तशीच राहू द्यावी, तिथले शेवाळ गोगलगायींना चरायला पुरते.

एवढे केल्यानेही हिंसा निःशेष होत नाही, फक्त घटते, आणि गृहस्थाकडून शास्त्राने याहून अधिक मागितलेले नाही. ज्याला हा नेम पाळणे शक्य नाही, त्याने मासे घरी आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.