पेन्सिलीनं लिहिलेली शपथ

माझ्या भाचीच्या घरी एक रविवार सोडून एक डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरतात, वीस बाजूंचे फासे निघतात, चिवड्याची ताटली फिरू लागते. भाची डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि वेळ पडली तर न्यायनिवाडा करणारी. बाकीचे चौघं आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. सगळ्यांनी मिळून रचलेली ही गोष्ट महिनोन्‌महिने चालते. तिला ते कॅम्पेन म्हणतात.

मध्यंतरी गेलो तर डाव अडला होता. एका मुलानं आपल्या कॅरेक्टर शीटवरचा ‘पॅलाडिन’ हा शब्द खोडरबरानं घासून काढला होता. इतका की कागद तिथं पातळ होऊन पलीकडचं दिसू लागलं होतं. “पाच महिने हा सज्जन खेळतोय,” तो म्हणाला, “आता कंटाळलो. मला वॉरलॉक व्हायचंय.” पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा, तर वॉरलॉक एखाद्या अमानवी शक्तीशी करार करून विद्या मिळवणारा. दोघं म्हणाले, “होऊ दे की, खेळच तर आहे.” चौथी मुलगी मात्र हळूच म्हणाली, “आणि खिंडीतलं गाव? तू राखणीची शपथ घेतलीस, म्हणून मी माझी माणसं तिथं ठेवून तुमच्याबरोबर निघाले.”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. “मामा, दर आठवड्याला पेपरात लोकांना शहाणपण सांगतोस. आता बोल.”

मला काही बोलता येईना. तिची पुस्तकं काखोटीला मारून घरी आलो. वाचू लागलो तर हा प्रश्न या खेळाइतकाच मुरलेला निघाला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये हा खेळ बाजारात आणला. पुढच्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं पुस्तक 1978 चं. त्याचा कायदा कडक. पॅलाडिननं जाणूनबुजून दुष्कृत्य केलं, तर त्याचं पॅलाडिनपण कायमचं गेलं. पण त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका नियमापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. मानवी पात्राला आपला पेशा मध्येच बदलता येई. बदलला की नव्या पेशात पहिल्या पायरीपासून सुरुवात. जुनी विद्या अंगात असायचीच. पण अडचणीत सापडून ती वापरली, तर त्या मोहिमेतून अनुभवाचा एक गुणही मिळायचा नाही. नव्या विद्येत जुनीपेक्षा वरची पायरी गाठली, की मग दोन्ही मोकळेपणानं वापरायच्या. ज्यानं नोकरी सोडून दुकान टाकलंय आणि पहिल्या तोट्याच्या महिन्यात जुन्या साहेबाचा नंबर शोधलाय, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

पुढची पुस्तकं मवाळ होत गेली. 2014 च्या आवृत्तीत पॅलाडिनची शपथ तिसऱ्या लेव्हलला येते; आधी दोन पायऱ्या चालून बघायच्या, मग शब्द द्यायचा. वॉरलॉकला मात्र आपला धनी पहिल्याच पायरीवर निवडावा लागे. 2024 च्या पुस्तकानं ही सगळी मोठी निवड सर्वांसाठीच तिसऱ्या लेव्हलवर नेली. उंबरठ्यावरच्या माणसाला जन्माचा प्रश्न विचारू नये, एवढं या खेळाला पन्नास वर्षांत उमगलं. पंधराव्या वर्षी आर्ट्‌स की सायन्स हे कायमचं ठरवून टाकणाऱ्या आपल्या घरांना ते अजून उमगायचंय.

‘पाथफाइंडर’ या भावंड खेळाच्या 2019 च्या आवृत्तीत निवड बदलायला किंमत पडते ती वेळाची. छोटं कौशल्य बदलायचं तर पात्रानं एक आठवडा शिकण्यात घालवायचा, मोठं असेल तर निदान महिना. बहुधा शिकवणाराही शोधावा लागतो. वंश आणि मूळ पेशा मात्र तिथं बदलता येत नाही.

हे सगळं वाचूनही त्या मुलाचं काय करायचं, ते सुटेना. नवखेपणी न कळता निवड झाली असेल, तर ती बिनबोभाट बदलू द्यावी. गोष्टीच्या ओघात पात्रच बदललं असेल, तर उत्तमच. शपथेची किंमत चुकवायची वेळ आली म्हणून कुणी पळ काढत असेल, तर त्याला थांबवावं. पण हा मुलगा कंटाळला होता. कंटाळा हा गुन्हा नव्हे, आणि रविवारची दुपार कुणी शिक्षा म्हणून काढू नये. त्याला अडवायचा कुणालाच हक्क नव्हता. मात्र त्याच्या शब्दावर विसंबून त्या मुलीनं आपल्या गोष्टीची वाट वळवली होती. शीट त्याचं एकट्याचं असलं, तरी शपथ आता त्याची एकट्याची राहिली नव्हती.

उत्तर सुचलं ते आईच्या आठवणीनं. आईनं सोळा सोमवार धरले होते. सतराव्या सोमवारी तिनं उद्यापन केलं, जेवायला माणसं बोलावली, सगळ्यांच्या देखत व्रत पुरं केलं आणि मगच ती त्यातून मोकळी झाली. घेतला वसा टाकू नये, असं आपण मुलांना सांगतो. पण वशाला उद्यापन असतं, हे सांगायला विसरतो. मग मुलं दोनच गोष्टी शिकतात: कण्हत निभावणं, नाहीतर गुपचूप सटकणं. पुरता न झालेला वसाही चारचौघांत परत करता येतो. त्यासाठी ज्यांना शब्द दिला, त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं.

भाचीला फोन करून एवढंच सांगितलं. पुढच्या डावाला तिनं पॅलाडिनला खिंडीतल्या गावी परत नेलं. गावची म्हातारी तीच झाली आणि तिनं विचारलं, “मग वेशीवर आता कोण उभं राहणार, बाबा?” मुलगा बराच वेळ फासा बोटांत फिरवत बसला. शेवटी म्हणाला, “पावसाळा संपेपर्यंत मीच. तोवर गावातल्या चौघांना शिकवून तयार करतो.” दोन रविवार त्यात गेले. कंटाळ्याचं नावही त्यानं काढलं नाही.

मग त्यानं कोरं शीट घेतलं आणि वॉरलॉक लिहिलं. शिकवून तयार झाले होते तिघंच, म्हणून खाली समासात एक ओळ टाकली: खिंडीतल्या गावाला एक माणूस देणं. भाचीनं पेन पुढे केलं. तो म्हणाला, “नको, पेन्सिलच बरी. फेडलं की खोडायचंय.”