लगामाचं दुसरं टोक

पन्नाशी उलटल्यावर मी बंगळुरूत येलहंकाच्या बाजूला घोड्यावर बसायला शिकू लागले. पहिल्याच महिन्यात घोडी दुडकीवरून वेग घेऊ लागली तशी मी घाबरले आणि लगाम खस्सकन खेचला. तिनं मान झटकली, तोंड वासलं आणि आणखीच पळाली.

उतरल्यावर उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी घोडीच्या तोंडातलं कडियाळ काढून माझ्या दोन्ही मुठींत दिलं, डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतः लगाम धरून मागे उभे राहिले. त्यांनी नुसती करंगळी वळवली तरी मला कळत होतं. मग मोतद्दारानं घोडीचा ओठ बाजूला करून दाखवला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथं हाडावर नुसती पातळ, गुलाबी हिरडी. कडियाळ तिथंच बसतं. मी हिसका दिला होता तो तिथं. "निधाना," मोतद्दार कन्नडमध्ये म्हणाला. हळू.

कठोपनिषदातलं रथाचं रूपक मी लहानपणापासून ऐकत आले आहे: शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. त्या दिवसापासून ते मला पुरेनासं झालं. सारथी मागे बसतो, त्याच्या पायांना घोडा लागत नाही. स्वाराच्या पोटरीला मात्र घोड्याचा श्वास लागतो. अंगावर माशी बसली तर घोड्याची तेवढीच कातडी थरथरते. अशा अंगाला टाच मारायची गरजच काय? पोटरी नुसती टेकवली तरी पुरते. हे काही माझं इंद्रिय नव्हे. हा दुसरा जीव आहे.

तरीही एक प्रश्न सुटत नाही. घोडी माझा हलका इशारा ऐकते, ते तिनं कधीकाळी कुणाचा तरी जड हात सोसला म्हणून तर नव्हे? तसं असेल तर माझी मृदुता ही फक्त धाकाची सभ्य बाजू. तिला अहिंसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उस्तादांचं उत्तर वेगळं आहे. घोडा ओढण्यातून शिकत नाही, ढिलाईतून शिकतो, असं ते म्हणतात. तिनं मान नमवली की त्याच क्षणी बोटं सैल झाली पाहिजेत. उशीर झाला, तर तिनं ऐकूनही तिच्या पदरात काहीच पडत नाही. हे मला पटलं, कारण यात माझा हातही तिच्या ताब्यात जातो. असा हलका हात मोठ्या स्पर्धांतही लागतो. बंगळुरूच्याच फवाद मिर्झानं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या प्रकारात वैयक्तिक रौप्य मिळवलं. त्या खेळाचा पहिला टप्पा ड्रेसाजचा, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या, नेमक्या हालचालींचा, आणि त्यात उत्तम स्वाराचे इशारे पाहणाऱ्याला जवळपास दिसतच नाहीत. दोघांतलं बोलणं दोघांतच राहतं.

पण बोलणं सुरू कुणी केलं? मीच. खोगीर तिनं मागितलं नव्हतं. हात कितीही हलका केला तरी हा हिशेब फिटत नाही, आणि तो फिटला असं मला मानायचंही नाही.

आता तंग आवळण्याआधी मी तिच्या मानेजवळ उघडा तळवा धरून थोडा वेळ उभी राहते. बहुतेकदा ती नाकपुड्या फुगवून हुंगते. कधी कान मागे पाडून तोंड फिरवते. त्या दिवशी मी खोगीर परत ठेवते, तिला खरारा करते आणि घरी येते.