पायाखालची नावं

पाय लागला की हात आपोआप कपाळाकडे जातो. पुस्तकाला लागो, वहीला लागो, शेजारी बसलेल्या माणसाला लागो. देव न मानणारे माझे मित्रही हे करतात, आणि का करता असं विचारलं की हसतात. ही सवय घेऊनच मी ऑफिसच्या कामासाठी दोन महिने फ्रँकफर्टला राहिलो. तिथे माझ्या इमारतीच्या दारासमोर, फुटपाथमध्ये तीन पितळी चौकोन बसवलेले होते. प्रत्येकावर एक नाव. मी रोज त्यांना वळसा घालून जायचो. शेजारपाजारचे लोक त्यांच्यावरून निवांत सायकल नेत.

या चौकोनांना जर्मनमध्ये 'श्टॉल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने हे काम १९९०च्या दशकात सुरू केलं. नाझींनी ज्यांना मारलं, पकडून नेलं किंवा देश सोडायला लावला, त्यांच्या घरासमोर जेमतेम दहा सेंटिमीटरचा दगड बसवायचा. वर पितळेचा पत्रा, त्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं: इथे राहत होते, नाव, जन्मसाल, कधी नेलं, पुढे काय झालं. एका माणसाला एक दगड. २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. नाव वाचायचं तर मान झुकवावी लागते, हे या दगडांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. आणि पावलांनी पितळ घासलं जाऊन चमकत राहतं, हेही.

परतण्याआधी तीन दिवस मोकळे मिळाले, म्हणून म्युनिकला गेलो. पहिला दिवस सगळे करतात तसाच गेला. मारिएनप्लात्सच्या घड्याळातल्या नाचणाऱ्या बाहुल्या, इंग्लिश गार्डन, एका लाकडी बाकावर अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बिअर. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपण सवयीने खाली बघत चालतोय आणि खाली काहीच नाही. एवढं मोठं शहर, नाझी पक्षाचा जन्म झाला ते शहर, आणि फुटपाथवर एकही नाव नाही?

कारण शोधलं तेव्हा समजलं की ही विसराळूपणाची गोष्ट नाही, उलट आहे. म्युनिकच्या नगर परिषदेने २००४ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवायला नकार दिला आणि २०१५ मध्ये तो निर्णय पुन्हा कायम केला. खासगी जागेत काही आहेत, रस्त्यावर नाहीत. या नकारामागचा सर्वांत ठाम आवाज होता शार्लोटे नोब्लोख यांचा. त्या तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष. जन्म १९३२चा, म्युनिकचाच. एका कॅथलिक शेतकरी कुटुंबाने लपवून ठेवलं म्हणून वाचल्या. त्यांच्या आजी तेरेझिनच्या छावणीत गेल्या. नोब्लोख यांचं म्हणणं असं, की ज्यांना त्या काळात बुटांनी तुडवलं, त्यांची नावं पुन्हा बुटांखाली नकोत.

हे मला एका क्षणात पटलं. मराठीत तर त्यासाठी तयार शब्दच आहे, पायदळी तुडवणं. वाद संपला असं वाटलं.

पण मग पंढरपूर आठवलं. विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. परंपरा सांगते, संतांच्या आणि वारकऱ्यांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली. म्हणजे पायाखाली असणं हा आमच्याकडे मानही आहे. (लोक मात्र त्या पायरीवर पाय देत नाहीत, डोकं टेकवतात. नामदेवांनी मागितलं एक आणि आपण देतो भलतंच!) जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे, लोक त्यावरून चालत वेदीपर्यंत जातात. तेव्हा पाय म्हणजे अपमान, हे समीकरण काही पक्कं नाही.

मग फरक कशात आहे? त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. तीही मंदिराबाहेरच. पण चोखोबांना हयातीत आत जायची मुभा नव्हती, आणि पंढरीचं ते दार त्यांच्या समाजासाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. जागा जवळजवळ एकच. एकाने मागून घेतलेली, दुसऱ्यावर लादलेली. खाली असण्यात लाज नाही. कोणी ठेवलं, हा प्रश्न आहे. आणि फ्रँकफर्टच्या माझ्या दारातल्या त्या तिघांना कोणी विचारलं होतं?

त्यांना विचारता येत नाही, हे उत्तर सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे. म्युनिकमध्ये २००४ मध्ये एका जोडप्याच्या नावाने बसवलेले दोन दगड प्रशासनाने उखडून काढले. ते दगड त्यांच्या मुलाला हवे होते. तो लहानपणी इंग्लंडला निसटला होता म्हणून वाचला होता. एका बाजूला वाचलेली मुलगी म्हणते, पायाखाली नको. दुसऱ्या बाजूला वाचलेला मुलगा म्हणतो, माझ्या आईवडिलांचं नाव त्यांच्या दारात हवं. दोघांचंही दुःख अस्सल आहे, आणि बाहेरच्या माणसाने त्यातलं एक निवडायचं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी विस्कार्डीगासे या गल्लीत गेलो. पन्नासेक पावलांची गल्ली. तिच्या पुढच्या रस्त्यावर, फेल्डहेर्नहालेच्या भिंतीशी, नाझींनी १९२३च्या फसलेल्या उठावात मेलेल्या आपल्या माणसांचं स्मारक केलं होतं. समोरून जाणाऱ्याने हात वर करून सलाम करायचा, पहारेकरी उभेच. ज्यांना तो सलाम करायचा नव्हता ते या गल्लीतून वळून जात. गल्लीला लोकांनी नाव दिलं 'चुकारांची गल्ली'. १९९५ मध्ये ब्रुनो वांक या कलाकाराने त्या वळणाऱ्या पावलांची वाट काँसाच्या दगडांनी आखली. ही रेघ पायाखाली आहे आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. का असेल? ती पावलांचीच आठवण आहे, आणि चालणाऱ्यांनी स्वतः निवडलेली होती. विद्यापीठासमोर सोफी आणि हान्स शोल यांची पत्रकंही अशीच फरशीत बसवलेली आहेत, जणू आत्ताच कोणाच्या हातून सांडलीत. १८ फेब्रुवारी १९४३ला त्यांनी पत्रकं टाकली, २२ तारखेला दोघांचा शिरच्छेद झाला. ती पत्रकंही त्यांनी आपणहून टाकली होती.

२०१८ पासून म्युनिकने आपला मार्ग काढला आहे. घराच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला सोनेरी पाटी, मिळालं तर छायाचित्रही. घरमालक तयार नसेल तर फुटपाथवर खांब. मी अशा एका खांबापाशी थांबलो. मान झुकवावी लागली नाही, फोटोतल्या बाईंच्या नजरेला नजर द्यावी लागली. खरं सांगायचं तर हे जास्त जड गेलं.

मला विचाराल तर त्या दोन दगडांना हात लावायला नको होता. घरातला माणूस उरला असेल तर त्याचा शब्द शहराने ऐकायला हवा, मग बाकी रस्त्यांसाठी नियम काहीही असो. रस्ता सगळ्यांचा असतो आणि नोब्लोख यांनाही त्याच रस्त्याने चालावं लागतं, हा मुद्दा मला मान्य आहे. तरीही. पण ज्यांच्या घरातलं विचारायला कोणीच उरलं नाही, आणि असे खूप आहेत, त्यांच्यासाठी मी नोब्लोख यांच्या बाजूने आहे. त्यांचं जवळचं माणूस आता तोच समाज, आणि तो भिंतीवर म्हणत असेल तर भिंतीवर.