बालकाचा हात आणि आपली घाई

आपल्या घरी चार वर्षांचे एखादे मूल असेल, तर पुढील दृश्य आपल्या परिचयाचे असेल. संध्याकाळची वेळ, समोर चौकटींची वही, मुलाच्या मुठीत आवळलेली पेन्सिल, आणि पाठीशी उभे असलेले आपण. ‘ग’ची उभी रेघ वाकडी गेली की आपण ती खोडतो, आणि शेवटी त्याच्या हातावर आपला हात ठेवून अक्षर पुरे करतो. अक्षर सुरेख उमटते. परंतु ते कोणाचे? मुलाचे की आपले? वरवर क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न मला नीतीचा प्रश्न वाटतो.

हे मी दुसऱ्यांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा मुलगा लहान असताना मी स्वतः हेच केले. त्या दिवसांत जखऱ्याच्या ग्रंथाच्या भाषांतराचे काम माझ्याकडे होते. आठव्या अध्यायात परमेश्वर पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र दाखवतो. त्यात ना सैन्य, ना भांडार; काठी टेकत बसलेली वृद्ध माणसे आहेत, आणि चौकाचौकांत खेळणारे मुलगे व मुली आहेत. तेथे खेळण्यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवासमोर आनंदाने बागडणाऱ्या ज्ञानासाठी आले आहे. दिवसभर मी हा शब्द तोलत असे, आणि संध्याकाळी अंगणात निघालेल्या मुलाला ओढून कित्त्यापुढे बसवत असे. पुढे पुढे पाटी दिसली की तो हात पाठीमागे लपवू लागला.

उत्पन्नकर्त्याने हाताची घडण कशी योजिली आहे, ते पाहा. प्रौढ माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती केवळ कूर्चेची असतात. ती एकामागून एक घट्ट होत जातात, आणि शेवटचे हाड नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास तयार होऊ लागते. बळही आधी खांद्यात, मग कोपरात, मग मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांच्या टोकांत स्थिरावते. सर्वसाधारण मूल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ काढते, चौथ्यास फुली, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. ज्याला अद्याप तिरकी रेघ साधत नाही, त्याच्याकडून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मागणे म्हणजे मोहोर आलेला नसताना आंबे मागणे होय.

ही तयारी खेळ करतो. कणकेचा गोळा मळताना तळहातात जोर येतो. वाटाणे सोलताना, चिंचोके वेचताना, मणी ओवताना अंगठा व तर्जनी एकमेकांस ओळखू लागतात. सागरगोटे झेलताना डोळा आणि हात यांचा मेळ बसतो. झावळ्यांच्या रविवारी पात्या दुमडून क्रूस करणारे आणि नाताळात चांदणीचे कागद चिकटवणारे मूल नकळत लेखणीचीच तयारी करीत असते. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतील लाकडी दट्ट्यांच्या मुठी तीन बोटांनीच धरता येतील एवढ्या लहान होत्या, आणि खरकागदाची अक्षरे मुले बोटाने गिरवीत. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा शिंपले, बिया, पाने यांनाच शिक्षणाची साधने केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयात खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

यावर कोणी म्हणेल, “आमच्या आजोबांनी अंगठा उठवून जमीन गमावली. आमची घाई हौसेची नाही, भयाची आहे.” हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा मान राखला पाहिजे. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांना अक्षर म्हणजे मुक्ती होती. परंतु म्हणूनच ते मुलाला शिक्षा म्हणून भेटू नये. धुळपाटीवर बोटाने काढलेले हातभर मोठे अक्षर, रात्री मांडीवर बसवून वाचलेली गोष्ट, यांत विलंब नाही. हीच सुरुवात आहे. ज्या मुलाचा हात अक्षराला भ्याला, ते पुढे लिहील. पण लेखन त्याला आपले वाटेल काय?

आणखी एक सूक्ष्म मोह आहे. खेळाने अक्षर सुधारते असे कळताच आपण घड्याळ लावून मणी ओवायला बसवू, चुकल्यास रागावू. मग मण्यांचाही कित्ता होईल. जखऱ्याने पाहिलेली मुले कशाचीही तयारी करीत नव्हती. ती खेळत होती, आणि एवढेच नगरावरील कृपेचे चिन्ह होते. खेळाचे फळ अवश्य मिळते, परंतु खेळाचे मोल फळावर ठरत नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील पेरणारा रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. पालकांची श्रद्धाही अशीच कसोटीस लागते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल आपण स्वहस्ते मोठमोठ्या अक्षरांत लिहीत असल्याचे सांगतो. ती अक्षरे सुबक होती की नव्हती, याची चिंता त्याला दिसत नाही. ती त्याची होती. आपल्या मुलाची पहिली वाकडी रेघही त्याचीच असू द्या. आज संध्याकाळी वही मिटून ठेवा, त्याच्या हाती कणकेचा गोळा द्या, आणि जवळ बसा. मात्र त्याच्या हातावर आपला हात ठेवू नका.