रहम ही रहमानची अमानत

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला मातेच्या उदरात टप्प्याटप्प्याने घडविले. दरूद व सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर, ज्यांनी शरीराच्या शुद्धतेला ईमानाशी जोडले.

बंधू-भगिनींनो! अरबी भाषेत गर्भाशयाला 'रहम' म्हणतात. तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये अल्लाहचे फर्मान आले आहे. त्याचा आशय असा की, मी रहमान आहे, रहम मीच निर्माण केला आणि त्याला नाव दिले ते माझ्या नावातून; जो त्याला जोडील त्याला मी जोडीन आणि जो त्याला तोडील त्याला मी तोडीन. विद्वानांनी याचा अर्थ नातेसंबंध जपणे असा सांगितला आहे व तो योग्यच आहे. परंतु नात्यांना हे नाव मिळाले ते मातेच्या त्या अवयवामुळेच. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचे भय बाळगण्याच्या आदेशाला लागून रहमच्या नात्यांचा उल्लेख येतो. ज्या अवयवाचे नाव रहमानच्या नावातून निघाले, त्याच्याशी आपल्या बीड जिल्ह्यात काय व्यवहार झाला, याचा विचार आज करावयाचा आहे.

2019 साली ही गोष्ट साऱ्या देशात पोहोचली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याच्या बातम्या आल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा स्त्रियांमागे एक. देशभरात 15 ते 49 या वयोगटात हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. आमच्याकडे बायका याला 'पिशवी काढली' असे म्हणतात आणि ते इतक्या सहजपणे म्हणतात की जणू दाढ काढली!

मी हे दुरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक वृद्ध गृहस्थ भेटले. सुनेच्या पिशवीच्या ऑपरेशनसाठी मदत हवी होती. सून सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची आई. कुटुंब हंगामात ऊसतोडीला जाणारे. सोबतच्या कागदावर सोनोग्राफीची चिठ्ठी होती. त्रासाच्या रकान्यात अंगावरून पांढरे जाणे व ओटीपोटात दुखणे एवढेच लिहिलेले होते. डॉक्टरांनी तोंडी सांगितले होते की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आम्ही बैतुलमालमधून रक्कम दिली, दुआ दिली आणि एक सत्कार्य केल्याच्या समाधानाने घरी गेलो. सूज कशाची, तिच्यावर औषध घेऊन पाहिले काय, दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले काय, यांपैकी एकही प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नाही. विषय स्त्रीचा होता, विचारण्याची लाज वाटली. त्या लाजेचा हिशेब मला द्यावा लागणार आहे.

म्हणून प्रथम ही 'सूज' काय असते ते समजून घेऊ. योनिमार्गात थोडा पांढरा किंवा पाण्यासारखा स्राव असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. पाळीच्या चक्राप्रमाणे तो कमीअधिक होतो. त्याला दुर्गंधी आली, रंग पिवळसर-हिरवा झाला, दह्यासारख्या गुठळ्या पडू लागल्या, खाज किंवा जळजळ सुरू झाली, तर तो जंतुसंसर्ग समजावा. हा संसर्ग कधी बुरशीचा असतो, कधी जिवाणूंचा. काही जिवाणू योनिमार्गात न थांबता वर चढतात आणि गर्भाशय व गर्भनलिकांपर्यंत पोहोचून तेथे दाह निर्माण करतात. तेव्हा ओटीपोट दुखते, ताप येतो, लघवीच्या वेळी आग होते, पाळी नसताना रक्त जाते आणि पतीजवळ जाणे वेदनामय होते. अस्वच्छ हत्यारांनी केलेला गर्भपात किंवा हेळसांडीचे बाळंतपण यांतूनही जंतू आत शिरतात. आपल्या देशात क्षयाचे जंतूही गर्भनलिकांना पछाडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या दाहावर औषध आहे. वेळेत निदान झाले तर बहुतेक रुग्णांना सुमारे दोन आठवड्यांची प्रतिजैविके पुरतात. दुखणे थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या तर जंतू आत राहतात आणि महिन्याभराने पुन्हा उचल खातात. दुर्लक्ष झाले तर नलिका बंद होतात, वंध्यत्व येते, गर्भ नलिकेतच राहून जीव धोक्यात येऊ शकतो. क्वचित पू साचून शस्त्रक्रियेची वेळ येते, हेही खरे. परंतु केवळ अंगावरून जाते म्हणून गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. कॅन्सरचे भय तर येथे अस्थानीच दाखविले जाते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर प्रामुख्याने एका विषाणूच्या दीर्घ संसर्गाने होतो. त्याची साधी तपासणी तिशीपुढील स्त्रियांसाठी शासकीय आरोग्यसेवेत ठेवलेली आहे, आणि मुलींसाठी त्यावर लसही आहे. शंका असेल तर तपासणी करावी. भयापोटी अवयव देऊन टाकू नये.

आणि काढल्यानंतर? स्त्रीबीजकोशही सोबत काढले तर सत्तावीस वर्षांच्या स्त्रीला एका दिवसात पन्नाशीचे शरीर मिळते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होत जातात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी पाळीचे वय पुष्कळदा लवकर ओसरते. कंबर मोडून ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या स्त्रीसाठी हे केवढे संकट आहे!

प्रेषित (स.) यांना खेड्यातून आलेल्या काही अरबांनी विचारले होते की आम्ही उपचार करावेत काय. त्यांनी होकार दिला आणि सांगितले की अल्लाहने वार्धक्याखेरीज असा कोणताही आजार ठेवला नाही ज्याचे औषध ठेवले नाही. आजार तक्दीरमध्ये आहे म्हणून सोसत राहणे हा तवक्कुल नव्हे.

आपल्या स्त्रिया मात्र सोसतात, कारण हा आजार बोलून दाखविण्याचा नाही असे आपण त्यांना शिकविले आहे. हे आपण कोठून आणले? माननीय आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची प्रशंसा करताना म्हटले होते की लज्जेने त्यांना धर्माचे ज्ञान मिळविण्यापासून रोखले नाही. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचे रक्त थांबत नव्हते. त्या स्वतः प्रेषित (स.) यांच्याकडे आल्या व त्यांनी सरळ विचारले की मी नमाज सोडून देऊ काय. त्यांना उत्तर मिळाले की हे शिरेचे रक्त आहे, पाळी नव्हे. पाळीचे दिवस संपले की स्नान करून नमाज पढत जा. येथे आजार आणि निसर्गक्रम यांत भेद करून दाखविला गेला आणि विचारणाऱ्या स्त्रीला कोणी निर्लज्ज म्हटले नाही. दुसऱ्या प्रसंगी अस्मा (रजि.) यांनी पाळीनंतरच्या शुद्धतेची रीत विचारली. प्रेषित (स.) यांनी कस्तुरी लावलेल्या कापडाने स्वच्छता करण्यास सांगितले. तपशील त्यांना उमगला नाही आणि प्रेषित (स.) संकोचले, तेव्हा माननीय आयेशा (रजि.) यांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच समजावून दिले. हया तेथेही होती. पण प्रश्न अनुत्तरित राहिला नाही. आमच्या मोहल्ल्यात बाजूला घेऊन समजावून देणारी कोणी आहे काय?

येथे दोन मसले सांगणे आवश्यक आहे. अंगावरून सतत जाते म्हणून नमाज माफ होत नाही. स्राव थांबतच नसेल तर प्रत्येक नमाजच्या वेळेला वुजू करून नमाज पढावी. दुसरे, गुस्लमध्ये बाहेरील भाग धुणे अनिवार्य आहे, आतून धुणे नव्हे. काही भगिनी पाकीच्या अतिरिक्त काळजीपोटी साबण किंवा जंतुनाशक द्रव वापरून आतपर्यंत धुतात. त्यामुळे संरक्षण करणारे चांगले जिवाणू नष्ट होतात आणि संसर्गाला वाट मोकळी होते. शरीअतने जे मागितले नाही ते करून आजार ओढवून घेतला जातो. पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून गादीखाली दडपलेले ओले कापड ही हया नव्हे.

आता पुरुषांकडे वळतो. या दाहाचे काही जिवाणू शरीरसंबंधातून येतात, आणि पुरुषाच्या शरीरात ते बहुधा निमूट असतात. त्याला कळतही नाही. म्हणून अशा संसर्गात डॉक्टर दोघांना औषध देतात. पत्नी गोळ्या घेते, पती म्हणतो की मला काय झाले आहे! मग महिन्याभरात तिचा आजार परततो, पुन्हा तीच तक्रार, आणि अखेर तिचीच पिशवी निघते. गोळ्या न घेणाऱ्याच्या अहंकाराची किंमत न्यायाच्या कोणत्या तराजूने तिने द्यावी? हानी करू नये व हानीच्या बदल्यात हानी करू नये, हा प्रेषित (स.) यांचा नियम घराच्या आतही लागू आहे. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. आणि पत्नीला संसर्ग झाला म्हणून तिच्या चारित्र्याकडे बोट दाखविणाऱ्याने सूरह हुजुरातमधील दुष्ट अनुमानांविषयीची ताकीद वाचावी. या दाहाची कारणे अनेक आहेत हे आपण वर पाहिलेच.

वैद्यांविषयीही शरीअत बोलते. ज्याची वैद्यकीतील जाण ज्ञात नाही अशाने उपचार केले तर हानीची जबाबदारी त्याच्यावर राहील, असे हदीस सांगते. जाणकाराची जबाबदारी याहून मोठी, कारण तो जाणून करतो. सर्व डॉक्टरांना एका मापाने मोजणे अन्याय ठरेल. याच जिल्ह्यात प्रामाणिक डॉक्टर आहेत आणि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. कायदा तेवढे करील. पण कागदावर अंगठा आपल्या घरातील माणूस उठवितो.

तरीही डॉक्टर आणि पती यांच्यावर सारे टाकून मोकळे होता येणार नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ते थेट कर्नाटकापर्यंत जातात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुक्काम पाचटाच्या कोपीत. शौचालय नाही, स्नानाला आडोसा नाही, पाणी दुरून आणावयाचे. पहाटे अंधारात फडात जाणारी स्त्री पाळीचे कापड बदलणार कोठे? एक दिवस आजारी पडली तर 'खाडा' लागतो, पाचशे किंवा त्याहून अधिक रुपये कापले जातात. अशा वेळी पाळीच नको असे तिला वाटू लागते. ती स्वखुशीने ऑपरेशनला तयार झाली, असे मग सांगितले जाते. सहा महिन्यांच्या खाड्यांचा हिशेब मांडून दिलेल्या संमतीला खुशी म्हणावे काय?

या कामगारांत वंजारी, बंजारा, दलित बांधव आहेत, तशी आपलीही घरे आहेत. त्यांना नेणाऱ्या मुकादमांत आपलेही काही आहेत. त्यांना मी विशेषत्वाने सांगू इच्छितो. जे तुमच्या हाताखाली काम करतात ते तुमचे बंधू आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही असे ओझे टाकू नका आणि टाकले तर स्वतः हात लावा, ही शिकवण बुखारीच्या संग्रहात आहे. तेथेच आहे की कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्यांच्याविरुद्ध उभा राहील त्यांत मजुराकडून काम पुरते घेऊन मजुरी न देणारा आहे. आजारी स्त्रीचा खाडा कापणे याच्या किती जवळ जाते, हे मुकादमाने स्वतःच्या मनाला विचारावे. टोळीसोबत ताडपत्रीचा आडोसा, पाण्याची टाकी आणि साबण नेण्यास फार पैसा लागत नाही.

आमच्या मशिदीत आता एवढे बदलले आहे. शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला तर, रुग्णाची स्थिती तातडीची नसल्यास, प्रथम दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत मागितले जाते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईस जाण्याचे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी बैतुलमाल देते. अर्ज घेण्यास दोन शिकलेल्या भगिनी बसतात, म्हणजे प्रश्न विचारता येतात. पतीने सोबत जावे अशी अट आहे. काही जण यावर नाराज झाले. त्यांना म्हटले की पैसा लोकांच्या सदक्याचा आहे.

ज्या घरापासून हे सुरू झाले तेथील सून आता तिशी ओलांडून गेली आहे. गुडघे व कंबर दुखत असल्याने ती फडात जाऊ शकत नाही. तिच्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा खर्च दरमहा आम्ही देतो.